कॉट बेसिसची खोली : पहिल्या आठवड्यात काय ठरवावे

प्रति,
मा. संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार

विषय : शिक्षणासाठी शहरात एकत्र राहणाऱ्या मुलामुलींमधील भांडणे आणि त्यांची साधी कारणे

महोदय,

बारावीचे निकाल लागले की वर्तमानपत्रांत कट-ऑफ, प्रवेशफेऱ्या आणि शुल्क यांवर पानेच्या पाने येतात. मूल राहणार कुठे, यावर फार तर भाड्याच्या आकड्यांची एक चौकट येते. ते कोणाबरोबर आणि कसे राहणार, यावर मात्र काहीच येत नाही. हे पत्र लिहिणाऱ्या आमच्यापैकी काही जण पुण्यात सदाशिव पेठ, कोथरूड आणि कर्वेनगर भागांत विद्यार्थ्यांना जागा भाड्याने देतात, काहींनी वसतिगृहांत रेक्टर म्हणून काम केले आहे आणि दोघींची मेस आहे. दर ऑगस्टमध्ये तीच भांडणे, त्याच कारणांनी, नव्या मुलांमध्ये होताना दिसतात. प्रवेशाचा हंगाम चालू असतानाच हे छापले गेले तर उपयोग होईल, म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

“रूम पार्टनरशी पटत नाही” असा मुलाचा फोन आला की पालक स्वभावाला दोष देतात. समोरचा मुलगा आडमुठा, आपला मुलगा भिडस्त. चौकशी केली की मूळ बहुतेक वेळा एखाद्या वस्तूत सापडते. एजंटने लातूर, नंदुरबार, चंद्रपूर आणि सांगली अशा चार दिशांची चार मुले एका फ्लॅटमध्ये आणून सोडलेली असतात. कॉट बेसिस म्हणजे ज्याने त्याने आपल्या कॉटचे पैसे भरायचे. पण गीझर एक, मीटर एक, सिंक एक आणि बाल्कनीतली दोरीही एकच. त्यांची वाटणी कोणीच करून दिलेली नसते.

सर्वांत आधी झोप. दोन खोल्यांत चार जण असतील तर एका गावचे किंवा एका वर्गातले दोघे एका खोलीत अशी विभागणी आपोआप होते, आणि तिथेच चुकते. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा पहाटे साडेचारला उठून अभ्यासिकेत जागा धरायला निघतो. इंजिनीअरिंगचा मुलगा सबमिशनच्या आठवड्यात दोन वाजेपर्यंत जागा असतो. हे दोघे एका खोलीत असतील तर दोघांचीही झोप पाच तासांवर येते, मग कितीही मैत्री असो. त्यामुळे खोल्या झोपेच्या वेळेप्रमाणे वाटाव्यात : लवकर उठणारे एकीकडे, उशिरापर्यंत जागणारे दुसरीकडे. तीन कॉटची एकच खोली असेल तर सर्वांत उशिरा झोपणाऱ्याची कॉट दाराजवळ आणि दिव्याच्या बटणाजवळ ठेवावी. ज्याची झोप सावध, त्याची कॉट भिंतीकडच्या कोपऱ्यात. अकरानंतर ट्यूबलाइट बंद करून ७ ते ९ वॉटचा एलईडी टेबल लॅम्प लावावा, त्याचे तोंड भिंतीकडे करावे. गजराचा फोन लोखंडी कॉटवर किंवा पत्र्याच्या कपाटावर ठेवू नये. थरथरणाऱ्या फोनबरोबर पत्राही घुमतो आणि सगळी खोली जागी होते. फोन उशीखाली ठेवावा आणि पहिल्याच गजराला उठावे. दर पाच मिनिटांनी पुन्हा वाजणाऱ्या गजरावरून झालेली भांडणे आम्ही मोजणे सोडून दिले आहे.

दुसरी गोष्ट सकाळची आंघोळ. मुले यावर हुज्जत घालतात ती अंदाजाने, म्हणून इथे हिशेबच मांडतो. घरगुती गीझर बहुधा १५ लिटरचा आणि २ किलोवॉटचा असतो. २५ अंशाचे पाणी ६० अंशांपर्यंत तापवायला त्याला साधारण १८ मिनिटे आणि ०.६ युनिट वीज लागते. थंडीत पाणी १८-२० अंशांवर आले की हीच वेळ २०-२२ मिनिटांवर जाते. त्या १५ लिटरमध्ये गार पाणी मिसळून आंघोळीजोगे, म्हणजे ४० अंशांचे पाणी जेमतेम ३५ लिटर होते. २० लिटरची बादली धरली तर पावणेदोन बादल्या. म्हणजे गीझर चालू असताना एका बादलीपुरते तापवायला साडेदहा मिनिटे, दोन बादल्यांना एकवीस. पंधरा-पंधरा मिनिटांच्या पाळ्या लावल्या आणि प्रत्येकाने एकच बादली घेतली, तर चौघांची आंघोळ तासाभरात गरम पाण्याने होते. सगळ्यांनी दोन-दोन बादल्या घेतल्या की चौथ्याला गरम पाणी पुरत नाही. चौथा रोज तोच असेल तर पंधराव्या दिवशी आवाज चढणारच. शॉवरचे गणित याहून वाईट आहे : मिनिटाला ८ लिटर धरले तरी दहा मिनिटांत ८० लिटर, म्हणजे चार बादल्या.

म्हणून पाळ्या कॉलेजच्या वेळेप्रमाणे लावाव्यात आणि दर सोमवारी एकेक घराने पुढे सरकवाव्यात. केस धुण्याच्या दिवशी त्या मुलीने किंवा मुलाने शेवटची पाळी घ्यावी, कारण तिथे मागे कोणी थांबलेले नसते. जिथे ३ लिटरचा इन्स्टंट गीझर आहे तिथे साठा नसतोच. ३ किलोवॉटच्या गीझरमधून ४० अंशांचे पाणी मिनिटाला तीन लिटरच्या आत-बाहेर येते, त्यामुळे बादली भरायला सहा-सात मिनिटे लागतात. नळ पूर्ण सोडला तर पाणी गार येते आणि “गीझर बिघडलाय” असा फोन मालकाला जातो. नळ बारीक करावा, एवढाच त्यावर उपाय आहे. पाणी दिवसातून एकदाच येणाऱ्या सोसायटीत एक जास्तीची बादली आणि एक झाकणाचे पिंप ही पहिल्या दिवसाची खरेदी समजावी. कपडे भिजवलेली बादली दोन-दोन दिवस अडवून ठेवणे ही मात्र निव्वळ बेफिकिरी आहे. भिजवले त्याच दिवशी धुवावेत. पावसाळ्यात दोरीचे वार ठरवून घ्यावेत, नाहीतर ओल्या कपड्यांवर ओले कपडे पडतात आणि सगळ्यांनाच कुबट वास येतो.

आता लाइट बिल. आमच्या अनुभवात भांडणांचे सर्वांत मोठे मूळ हेच, कारण बिल महिन्यातून एकदा येते आणि कोणी किती वीज वापरली हे तोवर कोणालाच आठवत नाही. महावितरणच्या घरगुती बिलात १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे असे टप्पे असतात. पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी असतो, पुढच्या प्रत्येक टप्प्यावर तो चढतो. त्यामुळे चौघांचे बिल २८० युनिटांचे असते आणि एकाने कूलर आणला की ते तीनशेच्या वर जाते. वरची युनिटे सर्वांत महाग, आणि ती नेमकी त्याच्यामुळे आलेली. इतर तिघांना हे नीट मांडता येत नाही, ते नुसते चिडतात.

मांडायची रीत सोपी आहे. उपकरणावर लिहिलेले वॉट गुणिले रोजचे तास, भागिले १००० म्हणजे रोजची युनिटे. १८० वॉटचा कूलर रात्री ८ तास चालला तर १.४४ युनिट, महिन्याला ४३. पाणी तापवायची १५०० वॉटची कांडी रोज अर्धा तास म्हणजे पाऊण युनिट, महिन्याला २२-२३. गेम खेळायचा ४०० वॉटचा संगणक ६ तास चालला तर २.४ युनिट, महिन्याला ७२. साधा ७५ वॉटचा पंखा १० तास चालला तरी पाऊणच युनिट होते. वर सांगितल्याप्रमाणे एकेक बादली घेतली तर चौघांच्या गीझरचा महिन्याचा खर्च सुमारे ४२ युनिटांचा. तेव्हा पंखे, दिवे, फ्रिज, गीझर आणि चार्जिंग सर्वांत समान वाटावे. ज्याचे उपकरण त्याच्यापुरतेच आहे, त्याची युनिटे काढून त्या महिन्याच्या बिलातल्या सर्वांत वरच्या टप्प्याच्या दराने त्याच्याकडून घ्यावीत आणि उरलेले बिल चौघांत भागावे. “तुझ्यामुळे बिल वाढले” असे म्हणण्यापेक्षा “तुझी ४३ युनिटे” असे म्हटले की वाद कागदावर येतो आणि तिथेच संपतो.

यात दोन खाचा आहेत. पहिली : बिलाचा महिना आणि कॅलेंडरचा महिना एक नसतो. रीडिंग १२ तारखेला होत असेल आणि नवा मुलगा १ तारखेला आला, तर पहिल्या बिलात आधीच्या मुलाचा वापरही असतो. म्हणून खोलीत कोणी आले किंवा गेले की त्याच दिवशी मीटरचा फोटो काढून ग्रुपवर टाकावा. आकडा आणि तारीख दोन्ही राहतात. दुसरी : काही ठिकाणी मालकाने आत वेगळा सबमीटर बसवलेला असतो आणि युनिटमागे एकच ठोक दर लावलेला असतो. तिथे टप्प्यांचा हिशेब लागू नाही, त्यामुळे दर किती हे जागा घेतानाच विचारावे. मागची थकबाकी आहे का, हे ग्राहक क्रमांक घेऊन महावितरणच्या अ‍ॅपवर आधीच पाहावे.

विजेचाच एक धोक्याचा भाग. भिंतीतला छोटा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. २३० व्होल्टला तो जेमतेम १३८० वॉट पेलतो. त्यात मल्टिप्लग खोचून २००० वॉटची इंडक्शन शेगडी लावली तर आधी प्लग गरम होतो, मग प्लास्टिक पिवळे पडते आणि जळका वास येतो. शेगडीला, गीझरला १६ अँपिअरचा मोठा सॉकेटच हवा. तरीही गीझर आणि शेगडी एकाच लाइनवर असतील तर दोन्ही मिळून ४००० वॉट होतात, सतरा अँपिअरच्या वर. १६ चा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप बंद होणारा खटका) लगेच पडत नाही, पण तापत राहून काही वेळाने पडू शकतो. नेमका कोणाच्या तरी आंघोळीच्या मध्यावर पडला, की दोष जातो स्वयंपाकघरात चहा करणाऱ्यावर. म्हणून सकाळी साडेसहा ते साडेसात शेगडी बंद. चहा आधी किंवा नंतर. आणि एमसीबी वारंवार पडतो म्हणून मुलांनी परस्पर मोठा बसवून घेऊ नये. तारा जुन्याच राहतात आणि त्या जळतात.

स्वयंपाकघरात भांड्याला भांडे लागणारच, पण भांडी कमी असतील तर कमी लागते, हे आम्ही अगदी शब्दशः म्हणतो. पालक कौतुकाने सहा ताटे, आठ वाट्या, डझनभर चमचे देतात. भांडी आहेत तोवर मुले नवे घेत जातात, आणि रविवारी सिंकमध्ये ढीग लागतो. प्रत्येकाचे एक ताट, एक वाटी, एक पेला, एक चमचा बाहेर ठेवावा आणि बाकीचे माळ्यावर बांधून टाकावे. खरकटे ताट धुतल्याशिवाय पुढचे जेवण मिळत नाही, त्यामुळे कोणाला सांगावे लागत नाही. कुकर, कढई आणि तवा ही सामाईक भांडी ज्याने रांधले त्याने घासू नयेत, बाकीच्यांनी घासावीत. रात्रीची भांडी सकाळवर टाकली की झुरळे आलीच. चहाचा चोथा आणि भाताची शिते सिंकमध्ये गेली की पाणी तुंबते. चोथा गाळणीतून थेट ओल्या कचऱ्यात टाकावा. पुण्यात घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’च्या ताई ओला आणि सुका वेगळा मागतात, सॅनिटरी कचरा वेगळा गुंडाळून द्यायचा असतो. तो डबा दाराबाहेर ठेवण्याची पाळी आठवड्याने बदलावी. दिवाळीला गावी जाताना ज्याची गाडी सर्वांत शेवटी, त्याने ओला कचरा काढायचा, फ्रिज रिकामा करायचा आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करायचा. हे कोणाचेच काम नसले की दहा दिवसांनी दार उघडणाऱ्याचे होते.

खाण्यापिण्याच्या बाबतीत स्पष्ट बोलावे लागते, म्हणून आम्हीही स्पष्ट लिहितो. कोणी अंडी-मटण खातो, कोणी कांदा-लसूणही खात नाही. यात गैर काही नाही. राहायला येण्यापूर्वी विचारावे, गरज असेल तर एक कढई आणि एक कालथा वेगळा ठेवावा आणि फ्रिजमधला सर्वांत खालचा कप्पा ठरवून घ्यावा. डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहावी, तीन दिवसांवरचे फेकावे. पण वेगळी कढई मागताना आडनाव विचारणे, एखाद्याला पेला वेगळा देणे किंवा कॉट दाखवण्याआधी जात काढणे ही खाण्याची आवड नव्हे. मालकांनी आणि मुलांनीही असे प्रकार खपवून घेऊ नयेत. तसेच बोलीचे. ‘जाऊन राहिलो’, ‘काय करून ऱ्हायला’ असे म्हणणाऱ्या विदर्भातल्या मुलाची किंवा अहिराणी वळणाच्या मराठीची नक्कल गंमत म्हणून सुरू होते. महिनाभरात तो मुलगा खोलीत बोलेनासा होतो. घरापासून पाचशे किलोमीटरवर आलेल्या अठरा वर्षांच्या पोराला खोलीत तरी तोंड उघडता आले पाहिजे.

मेसचा डबा लावणाऱ्यांनी खाड्याचा नियम पहिल्याच दिवशी विचारून घ्यावा. खाडा आदल्या दिवशी किती वाजेपर्यंत सांगायचा आणि महिन्यात किती खाडे वजा होतात, हे मेसगणिक वेगळे असते. एकाचा डबा दोघांनी खाणे हा मदतीचा मार्ग म्हणून चालतो, सवय म्हणून चालत नाही. डबा ज्याचा तो अर्धपोटी राहतो आणि ते तो बोलून दाखवत नाही.

पैशांचे. महिन्याच्या १ तारखेला प्रत्येकी ठरावीक रक्कम, समजा ३०० रुपये, सामाईक खात्यात काढावी. चौघांचे १२०० होतात. त्यातून फिनेल, झाडू, भांड्याचा साबण, कचऱ्याचे पैसे आणि पिण्याच्या पाण्याचा जार. माणशी तीन लिटर धरले तर २० लिटरचा जार दोन दिवसही पुरत नाही, हे आधीच लक्षात घ्यावे. ज्याच्याकडे पैसे त्याच्याकडे वहीही, आणि दोन्ही दर महिन्याला दुसऱ्याकडे. यूपीआयने पैसे देताना ‘जुलै भाडे’, ‘जून वीज’ असे लिहावे. नुसत्या रकमांवरून तीन महिन्यांनी काही कळत नाही. भाडे ज्याच्या नावे मालकाकडे जाते त्याच्याकडे सर्वांनी ते १ तारखेपर्यंत द्यावे, म्हणजे ५ तारखेला त्याला स्वतःच्या खिशातून भरावे लागत नाही. गावी गेलेल्याने किती द्यायचे, यावर नेहमी वाद होतो. सलग सात दिवसांपेक्षा जास्त कोणी नसेल तर भाडे, मेंटेनन्स आणि वायफाय पूर्ण, वीज आणि पाण्याचा जार हजेरीच्या दिवसांप्रमाणे. हे मेमध्ये नव्हे, जुलैमध्ये ठरवावे.

शिष्यवृत्तीवर राहणाऱ्या मुलांबद्दल खास लिहावेसे वाटते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे, आर्थिकदृष्ट्या मागास अशा काही इतरांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. हे पैसे हप्त्यांनी येतात आणि अनेकदा उशिरा येतात. भाडे थकवणारा मुलगा लबाड असतोच असे नाही. त्याने लाजून तोंड चुकवत राहण्यापेक्षा पहिल्याच महिन्यात “माझा हप्ता उशिरा येतो” एवढे सांगावे. बाकीच्यांनी ते समजून घ्यावे, मालकांनी त्याच्यासाठी तारीख वेगळी ठरवून द्यावी. अशा अर्जांना भाड्याच्या जागेचा पुरावा लागतो, त्यामुळे करारात त्याचे नाव असणे ही त्याची गरज आहे.

करारावर येतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकाची असते, आणि असा करार नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडही होऊ शकतो. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून दिलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. ११ महिन्यांच्या करारात चौघांचीही नावे घालावीत. एकाच मुलाच्या नावावर करार असला की बाकी तिघे सहज निघून जातात आणि सगळे भाडे, सगळे नुकसान त्याच्या पालकांच्या अंगावर येते. लॉक-इन, म्हणजे जागा सोडता न येण्याची मुदत, किती महिन्यांचे आणि नोटीस किती दिवसांची, ही दोन वाक्ये सही करण्यापूर्वी मोठ्याने वाचावीत.

मध्येच कोणी सोडून गेले की नवा मुलगा जुन्याला डिपॉझिट देतो आणि कॉट घेतो. मालकाच्या हातून पैसे फिरतच नाहीत. समजा डिपॉझिट ६०,००० आहे, प्रत्येकी १५,०००. मार्चमध्ये आलेल्याने जाणाऱ्याला १५,००० दिले. जूनमध्ये मालकाने रंग, तुटलेला नळ आणि भिंतीतली भोके यांचे ९,००० कापले. नव्या मुलाच्या वाट्याला २,२५० आले, पण भोके तर ऑगस्टमध्ये पाडलेली. हे टाळायचे तर अदलाबदलीच्या दिवशी पाचही जणांनी उभे राहून भिंती, नळ, काचा, कॉट आणि गादी पाहावी, फोटो काढावेत, तोवरच्या नुकसानीची रक्कम जाणाऱ्याच्या १५,००० मधून वजा करून सामाईक खात्यात ठेवावी आणि उरलेलेच त्याला द्यावे. त्याच दिवशी मालकाला कळवून करारात आणि पोलिसांकडच्या भाडेकरू माहितीत नाव बदलून घ्यावे. ते राहिले तर कागदोपत्री नवा मुलगा तिथे राहतच नसतो.

एवढे ठरवूनही खटके उडतात. तेव्हा बोलायचे कसे, यावर आमचा आग्रह आहे. ज्या दिवशी खटकले त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी बोलावे. पंधरा गोष्टी साठवून एकदम काढू नयेत. समोर बसून, एकट्याला गाठून बोलावे. ग्रुपवर टोमणा मारू नये, तिसऱ्याच्या तोंडून निरोप पाठवू नये, आईला त्याच्या आईला फोन करायला सांगू नये. “तुला कोणाची पर्वाच नाही” या वाक्याला उत्तर नसते. “काल रात्री दीडला स्पीकर चालू होता, माझी आज परीक्षा होती” याला असते. पाहुणा आणायचा असेल तर आदल्या दिवशी विचारावे, आणि किती रात्री हे सांगावे. दोन रात्रींपेक्षा जास्त राहणाऱ्याचे पाणी, वीज आणि गादी यांचा विचार करावाच लागतो. मुलींच्या फ्लॅटमध्ये किल्ली बाहेरच्या कोणालाही द्यायची नाही, हा नियम कोणाच्या विश्वासाचा प्रश्न न करता पाळावा.

जुळवून घेण्याच्या पलीकडच्या गोष्टीही असतात. चोरी, मारहाण, न विचारता काढलेले फोटो, नशेत खोलीत धिंगाणा, धमकी यांत ‘सांभाळून घे’ असा सल्ला देणे चूक आहे. पालकांना, मालकाला आणि कॉलेजला कळवावे, गरज पडली तर ११२ लावावा. कॉलेजमधल्या मोठ्या मुलांकडून त्रास असेल तर रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. आणि एखादा पार्टनर भांडत नाही, पण आठवडाभर नीट जेवत नाही, अंघोळ करत नाही, दिवसा झोपून रात्री जागतो, सामान वाटून टाकतो किंवा जगण्यात अर्थ नाही असे म्हणतो, तर त्याला त्या रात्री एकटे ठेवू नये. त्याच्या घरी कळवावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्यावर मराठीतही बोलता येते. आधी त्याला विचारावे की नाही, या संकोचात वेळ घालवू नये.

आम्ही मालकही काही देणे लागतो. चौघांना चाव्या देताना मीटरचे रीडिंग, गीझरची क्षमता, पाण्याची वेळ, कचऱ्याची वेळ, मेंटेनन्स कोणाकडे आणि प्लंबरचा नंबर एवढे एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायला दहा मिनिटे लागतात. रंगाचे किती कापणार, हे जूनमध्ये डिपॉझिट परत करताना सांगण्याऐवजी करारातच आकड्यात लिहावे, आणि नळ बदलला असेल तर पावती दाखवावी. कापलेल्या पैशांचा तपशील मिळाला नाही की मुले एकमेकांवर संशय घेतात, आणि वर्षभर नीट राहिलेले चौघे शेवटच्या दिवशी न बोलता आपापल्या एसटीत बसतात.

आपले,
विद्यार्थ्यांना जागा देणारे, वसतिगृहांत काम केलेले आणि मेस चालवणारे काही पुणेकर